उरलेलं चुंबकत्व

पडून राहिलेलं यंत्र किती तऱ्हांनी बिघडतं! लोखंड गंजतं, रबर तडकतं, वायरी उंदीर कुरतडतात. हे सारं डोळ्यांना दिसतं. पण जुन्या लष्करी जीपच्या डायनामोत एक बिघाड असा होतो, की तो दिसत नाही आणि त्यासाठी कुठलाही भाग बदलावा लागत नाही. डायनामोतलं चुंबकत्वच ओसरतं.

१९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. महायुद्धानंतर त्यांतल्या काही आपल्याकडे लिलावांत विकल्या गेल्या. पुढे १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि ही गाडी गावोगावी ओळखीची झाली. सांगलीजवळ माझ्या एका स्नेह्यांच्या मळ्यात आहे ती मात्र युद्धातली. त्यांच्या वडिलांनी घेतलेली. वडील गेले आणि जीप गोठ्याशेजारी पत्र्याखाली तीस वर्षं उभी राहिली.

बऱ्याच खटपटीनंतर इंजिन सुरू झालं, पण अॅमीटरचा काटा उणेकडेच. माझा जन्म बँकेत गेलेला. मला त्याचा अर्थ लगेच कळला. खर्च चालू, जमा शून्य. बॅटरी संपली की गाडी थांबणार. मुलांनी निर्वाणीचं सांगितलं, ‘‘नाना, चार्जिंग होत नसेल तर दिवाळीआधी भंगारात द्या. जागा तरी मोकळी होईल.’’

मिरजेहून सत्तरीचे एक मिस्त्री आले. घाई अजिबात नाही. आधी त्यांनी बॅटरी तपासली. ती सहा व्होल्टची, उणे बाजू चासीला जोडलेली. अर्थिंगचा गंज खरवडला, बेल्ट ताणला, मग डायनामो उघडला. कार्बन आपापल्या घरांत अडकून बसले होते, कॉम्युटेटरचं तांबं काळं पडलं होतं. ते त्यांनी बारीक काचकागदानं उजळवलं, तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा साफ केल्या आणि बेअरिंगांतलं वाळलेलं ग्रीस बदललं. कटआउटच्या डबीत तीन कॉइली. एक डायनामो थांबला की बॅटरीशी त्याचा संबंध तोडते, म्हणजे वीज उलटी वाहत नाही. दुसरी व्होल्ट आवरते, तिसरी अँपिअर. तिन्हींचे पॉइंट पुसून झाले. सगळं पुन्हा जोडलं, इंजिन सुरू केलं. काटा हलेना!

‘‘आता नवीनच बसवा,’’ धाकटा म्हणाला.

मिस्त्री हसले. ‘‘अहो, ह्याच्यात खोट नाही. ह्याला नुसती आठवण करून द्यायची आहे.’’

त्या आठवणीमागे दीडशे वर्षांपूर्वीचा शोध आहे. आधीच्या विद्युतयंत्रांना कायमचे लोहचुंबक लागत. १८६६ मध्ये बर्लिनच्या वेर्नर सीमेन्स यांनी दाखवलं, की साध्या लोखंडात उरलेलं किंचित चुंबकत्वही पुरतं. आर्मेचर फिरलं की त्यातून थोडी वीज निघते, ती कॉइलींतून जाऊन चुंबकत्व वाढवते, मग वीज आणखी वाढते. भांडवल अगदी थोडं, पण ते शून्य झालं तर व्याज कशावर चढणार? वर्षानुवर्षं बंद राहिल्यानं आणि उघडजोड करताना हेच भांडवल क्षीण होतं.

इंजिन बंद ठेवून मिस्त्रींनी कटआउटवरच्या बॅटरीच्या आणि आर्मेचरच्या टोकांना वायरीचा तुकडा क्षणभर टेकवला. बारीकशी ठिणगी उडाली, बस्स. (डायनामोच्या घडणीप्रमाणे ही रीत बदलते, गाडीचं पुस्तक पाहिल्याशिवाय कुणी हात लावू नये.) इंजिन पुन्हा सुरू झालं. वेग वाढवला तसा काटा उणेवरून उठला, शून्य ओलांडून अधिककडे सरकला. मीटरवर सात व्होल्टांच्या थोडं वर. नाना काही बोलले नाहीत. बोनेटवर हात ठेवून उभे राहिले.

खर्च किती? कार्बनची जोडी, ग्रीस आणि एक दिवसाची मजुरी. नवा अल्टरनेटर बसवणं सोपं होतं, पण त्यासाठी बॅटरी, दिवे सारंच बदलावं लागलं असतं आणि युद्धातल्या जीपमधलं युद्धाच्या काळचं आणखी थोडं कमी झालं असतं. मला चिंता वाटते ती निराळीच. हे जाणणारे मिस्त्री आता सत्तरीचे आहेत आणि ही विद्या हातातून हातात जाते.

म्हणून एक गोष्ट मला फार आवडली. निघताना मिस्त्रींनी धाकट्यालाच जवळ बोलावलं. म्हणाले, ‘‘आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत न्या. जागेवर नुसती घुरघुरत ठेवू नका; मंद चालीत हा डायनामो भरत नाही.’’ आणि तो वायरीचा तुकडा त्यांनी त्याच्या हातावर ठेवला.