तीस छपरं, एकच चॅनल

धरमशालेच्या डोंगरात वायरलेस जाळं उभारणाऱ्यांनी रेडिओलहरींचा अभ्यास भरपूर केला होता. माकडांचा करायचा राहिला होता. माकडांच्या लेखी अँटेना म्हणजे फांदी आणि केबल म्हणजे पारंबी. कागदावर काढलेलं जाळं आणि छपरावरचं जाळं यांतलं अंतर कळायला याहून चांगली जागा नसावी.

२००५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरासाठी मोकळा केला आणि फेब्रुवारीत तिथलं जाळं सुरूही झालं. महिनाअखेर आठ आवारं जोडली गेली. पुढे त्याच्या कण्यात तीसहून जास्त नोड, म्हणजे जोडणारे राउटर, आले, दोन हजारांवर संगणक जोडले गेले. या सगळ्यांना मिळून बाहेरच्या इंटरनेटची वाट होती ६ मेगाबिट प्रतिसेकंद! पण मला त्या जाळ्याबद्दलच्या नोंदींतला सर्वांत बोलका तपशील वेगळाच वाटतो. हे सगळे नोड एकाच रेडिओ चॅनलवर बोलत होते.

डोंगरात एक उंच मनोरा उभारून भागत नाही. मनोऱ्याला जे घर दिसत नाही, त्याला सिग्नल मिळत नाही. मेश जाळ्यात मात्र प्रत्येक राउटर स्वतःपुरता ग्राहकही असतो आणि शेजाऱ्याचा हमालही. कड्याआडचं घर मनोऱ्याला दिसत नसेल, पण त्याला शाळेचं छप्पर दिसतं, शाळेला मठाचं. मठाची वीज गेली की माहितीचं पॅकेट दुसऱ्या छपरावरून जातं. वीज वारंवार जाणाऱ्या गावात ही सोय फार मोलाची.

वाट कुणी ठरवायची? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओएलएसआर या पद्धतीत प्रत्येक राउटर साऱ्या जाळ्याचा नकाशा स्वतःजवळ बाळगतो. बर्लिनच्या फ्रायफुंक या खुल्या वायफाय जाळ्यांच्या चळवळीतल्या मंडळींनी ती वापरली, आणि जाळं वाढलं तसा छोट्या राउटरचा जीव नकाशे मांडता मांडताच मेटाकुटीला आला. मग २००६ च्या सुमारास त्यांनी बॅटमॅन नावाची पद्धत काढली. (नाव आद्याक्षरांचं आहे, गंमत अर्थातच ठरवून केलेली.) तिच्यात पूर्ण नकाशा कुणाकडेच नसतो. अमक्या नोडचे निरोप आपल्या कोणत्या शेजाऱ्याकडून सर्वांत नेमाने येतात, एवढंच प्रत्येकाने लक्षात ठेवायचं. खेड्यात पत्ता विचारला की नाही का सांगत, ‘वडापर्यंत जा, पुढचं तिथे विचारा’? तसंच.

वाट सापडली तरी सगळेच प्रश्न सुटत नाहीत. आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात, तेव्हा सगळे हात एकाच वेळी चालतात. एका चॅनलवरच्या मेशमध्ये तसं होत नाही. साध्या राउटरचा रेडिओ एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकत नाही. आणि तो बोलत असताना आसपासच्यांना गप्प राहावं लागतं. एकाने बादली पुढे दिली की शेजारच्यांनी हात बांधून उभं राहायचं! म्हणून दोन टप्प्यांना वेग साधारण निम्मा होतो, तीन टप्प्यांना तिसरा हिस्सा. त्यात कड्याच्या दोन बाजूंचे दोघे एकमेकांना ऐकू येत नसतील, तर दोघेही मधल्या छपराशी एकदमच बोलू लागतात आणि त्याला कुणाचंच कळत नाही.

कमीत कमी टप्प्यांची वाट धरणं हा उपाय वरवर शहाणपणाचा दिसतो. एमआयटीच्या रूफनेटवर, म्हणजे केंब्रिज शहरात चार चौरस किलोमीटरांत पसरलेल्या ३७ छपरांच्या जाळ्यावर, काम करणाऱ्यांना तो फसवा आढळला. टप्पे कमी म्हणजे प्रत्येक टप्पा लांब, आणि लांबचा दुवा बहुधा कच्चा. दोन कच्चे दुवे घ्या, प्रत्येकावर निम्मी पॅकेटं हरवतात. म्हणजे सरासरी चार वेळा पाठवावं लागतं. तीन पक्के दुवे असतील तर तीन वेळांत काम होतं. २००३ मध्ये त्यांनी मांडलेलं ईटीएक्स हे माप म्हणजे हाच हिशेब: टप्पे मोजू नका, खेपा मोजा.

पण खेपा वाचवूनही एक भिंत उरतेच. पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० मध्ये एका निबंधात ती गणिताने दाखवली होती. नोड वाढतील तसा प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटत जातो. नोड शंभरपट झाले तर वाटा दहाव्या हिश्शाच्याही खाली. शेजाऱ्यांचे निरोप वाहण्यातच हवा खर्ची पडते. मेशच्या जाहिरातींत ‘जितके लोक येतील तितकं जाळं बळकट’ असं वाक्य दिसलं की मला हा निबंध आठवतो. जाळं टिकाऊ होतं हे खरं, पण वेगवान होत नाही.

शेजाऱ्यांची गर्दी मुलांच्या लॅपटॉपांनाही जड गेली. रायगड जिल्ह्यात कर्जतकडच्या धनगरवाड्यावरच्या एका शाळेत २००७ मध्ये मुलांच्या हाती हिरव्या कानांचे एक्सओ लॅपटॉप आले. देशातला या लॅपटॉपांचा तो पहिला प्रयोग. त्या लॅपटॉपमध्ये मेश घातलेलंच होतं. मुख्य प्रोसेसर झोपलेला असतानाही वायफायची चिप शेजाऱ्याची पॅकेटं पुढे ढकलू शकेल अशी रचना होती. विखुरलेल्या वस्तीसाठी ही कल्पना सुंदर. पण मुलं विखुरलेली नसतात, वर्गात खेटून बसतात. लॅपटॉपांची संख्या वाढली की ‘मी इथे आहे’ हे एकमेकांना सांगण्यातच चॅनल भरून जाई. पुढच्या एक्सओ-१.५ मधून मेश काढूनच टाकलं.

अडचणी हवेतल्याच असतात असंही नाही. परक्याची वाहतूक आपल्या दारातून गेली की जबाबदारीचा प्रश्नही येतो. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं धाडलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायपर्यंत पोचला. पाठवणारा भलताच होता. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याबाबत सेवादारांना निर्देश दिले. जर्मनीत २०१० च्या एका निकालानंतर वायफाय उघडं ठेवणाऱ्याला परक्याच्या आगळिकीसाठी न्यायालयात खेचता येऊ लागलं, तेव्हा फ्रायफुंकवाल्यांनी वाहतूक परदेशातून वळवून आणली. कायदा सैल व्हायला २०१७ उजाडलं.

टिकलेली काही मोठी जाळी पाहिली तर ती हळूहळू मेशपासून दूर सरकलेली दिसतात. न्यूयॉर्कचं एनवायसी मेश उंच इमारतींवरून नेमक्या दिशेला रोखलेल्या अँटेना वापरतं, काही ६० गिगाहर्ट्झच्या. त्यामुळे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानी पडत नाही. कातालोनियात २००४ मध्ये खेड्यांतून सुरू झालेल्या गीफी जाळ्याने पुढे फायबर घालायला सुरुवात केली. त्यांचा करार मात्र जुनाच आहे. तार असो वा लहर, जोडून घेणाऱ्याने दुसऱ्याची वाहतूक आपल्या जागेतून जाऊ द्यायची.