१९ फेब्रुवारी ही तारीख कोठून आली?

‘शिवाजी महाराजांचा जन्म केव्हा झाला?’ हा सामान्यज्ञानाचा प्रश्न विचारताच चौथीतील मूलही ‘१९ फेब्रुवारी १६३०’ असे उत्तर देते. परंतु ‘हे कशावरून?’ असे पुढे विचारले की वर्ग स्तब्ध होतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच भोर तालुक्यात आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांस अवश्य ठाऊक असावे.

रोहिडखोऱ्यातील कारी हे कान्होजी जेधे देशमुखांचे गाव. या घराण्याच्या दप्तरात एक शकावली, म्हणजे शकवार घडलेल्या गोष्टींची टिपणे, जपून ठेवलेली होती. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्धीस आणली. तोवर महाराजांचा जन्म १६२७ साली झाला, असा समज बखरींवरून रूढ होता. जेधे शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आढळली. पुढे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही हीच तिथी मिळाली. एकमेकांपासून दूर राहिलेली दोन साधने एकच गोष्ट सांगू लागली, तेव्हा तिचे वजन वाढले. २००१ साली महाराष्ट्र शासनाने हीच तारीख मान्य केली.

येथे गणिताचाही धडा घेता येईल. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. त्याप्रमाणे १५५१ चे १६२९ होतात. मग १६३० कसे? शकवर्ष चैत्रात सुरू होते आणि फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना. तोपर्यंत इंग्रजी नवे वर्ष लागलेले असते. म्हणून फाल्गुनासाठी ७९ मिळवावे लागतात. तसेच १९ फेब्रुवारी ही जुन्या जूलियन पंचांगाची तारीख होय. आजच्या ग्रेगोरियन पंचांगाप्रमाणे तीत १० दिवस मिळविले असता १ मार्च १६३० येते, आणि त्या दिवशीही वार शुक्रवारच निघतो. तिथीची जयंती व तारखेची जयंती वेगवेगळ्या दिवशी का येतात, हेही मुलांस यावरून समजावून देता येईल.

भोर-वेल्हे भागातील मुलांनी पोवाड्यांतून व चित्रपटांतून पुष्कळ इतिहास ऐकलेला असतो. तोरण्यावर सापडलेले धन, रायरेश्वरावरील शपथ या कथा त्यांस तोंडपाठ असतात. त्या आनंदाने सांगू द्याव्यात. मात्र प्रत्येक वेळी ‘हे आपणांस कोणी सांगितले? कोठे लिहिले आहे?’ असे विचारण्याची सवय लावावी. परंपरा आणि पुरावा यांतील भेद कळणे हेच खरे सामान्यज्ञान होय.

शेवटी एक विनंती. जुन्या घरांच्या माळ्यावर मोडी कागदांची रुमाले असण्याचा संभव असतो. घर उतरविताना ती रद्दी समजून जाळली जातात. एका घराण्याने कागद जपले म्हणून महाराष्ट्रास ही तारीख लाभली. ‘न वाचता आलेला कागद जाळू नये’ एवढी गोष्ट मुलांकरवी घरोघर पोहोचली, तरी शिक्षकाचे मोठे कार्य झाले असे समजावे.