घर आणि पाटी
पडदा आणि समाज : लेखांक १२

जयपूरच्या साहित्य महोत्सवात २०१३ साली एक उपरोध चांगलाच अंगाशी आला होता. २६ जानेवारी, दिग्गी पॅलेस, आणि मंचावर समाजचिंतक आशिस नंदी. वरच्या जातींचा भ्रष्टाचार नात्यागोत्यांत आणि शिफारशींत झाकून जातो, खालच्यांचा तेवढा डोळ्यांत भरतो, असा त्यांच्या एकूण म्हणण्याचा रोख होता. तोंडून मात्र आलं ते असं की, भ्रष्टाचार करणारे बहुतेक लोक इतर मागास, अनुसूचित जाती आणि आता जमातींमधूनही येतात. अशोकनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, अटक टाळायला सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. याच शहरात उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा उभा आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या दोन बायकांनी २०१८ मध्ये त्याला काळं फासलं होतं. अशा गावात ते वाक्य लोक हसून सोडून देतील, हे कुणी धरून चालावं तरी कसं?

‘अमेरिकन फिक्शन’ (२०२३) हा चित्रपट पाहताना मला हे प्रकरण आठवत राहिलं, कारण त्यातही उपरोध उलटतो. फक्त इथे तो टाळ्यांच्या रूपानं उलटतो. थेलोनिअस ‘मंक’ एलिसन हा कृष्णवर्णीय प्राध्यापक ग्रीक पुराणकथांवर बेतलेल्या कादंबऱ्या लिहितो, आणि त्या कुणी विकत घेत नाही. पुस्तकाच्या दुकानात त्याला स्वतःची पुस्तकं आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाच्या पाटीखाली सापडतात. त्या पुस्तकांत कृष्णवर्णीय असेल तर ती छपाईची शाई, असं तो चिडून दुकानातल्या पोराला ऐकवतो. शेवटी वैतागून तो टोपणनावानं एक वाह्यात कादंबरी खरडतो. बंदुका, अमली पदार्थ, परागंदा बाप, मोडकी भाषा : जे जे अपेक्षित ते सगळं. त्याच्या दृष्टीनं ही प्रकाशकांच्या थोबाडीत मारलेली चपराक. प्रकाशक मात्र साडेसात लाख डॉलर पुढे करतात.

दिग्दर्शक कॉर्ड जेफरसनचा हा पहिलाच चित्रपट. पर्सिव्हल एव्हरेटच्या २००१ च्या ‘इरेझर’ या कादंबरीवरून केलेल्या पटकथेला २०२४ चं ऑस्कर मिळालं. सगळ्यात झोंबणारा प्रसंग पुरस्कार समितीचा आहे. पाच परीक्षकांपैकी मंक आणि दुसरी कृष्णवर्णीय लेखिका त्या कादंबरीला विरोध करतात, तिघे गोरे तिच्या बाजूनं मत देतात. आणि लगेच त्यांच्यातलीच एक बाई म्हणते की, सध्या कृष्णवर्णीयांचे आवाज ऐकून घेणं फार गरजेचं आहे!

हसून झाल्यावर लक्षात येतं की, चित्रपटाचा निम्मा वेळ भलत्याच ठिकाणी गेला आहे. डॉक्टर बहीण अचानक हृदयविकारानं जाते. आईला अल्झायमर. भाऊ प्लास्टिक सर्जन. समलिंगी असल्याचं उघड होऊन त्याचा संसार मोडलेला. वडिलांनी आत्महत्या केलेली, आणि त्यावर घरात कुणी बोलत नाही. वर्षानुवर्षं घर सांभाळणारी लॉरेन उतारवयात लग्न करते. आईला चांगल्या शुश्रूषागृहात ठेवायचं तर पैसे हवेत, म्हणून मंक त्या भिकार पुस्तकाचा सौदा पुढे नेतो. खोट्या घराच्या कमाईवर खरं घर चालतं. काहींना उपरोधाचा आणि घरचा असे हे दोन चित्रपट एकमेकांना नीट चिकटलेले वाटत नाहीत. मला तो सांधा दिसतो, आणि तो दिसावा अशीच योजना आहे असं वाटतं. प्रकाशकाला नको असलेली गोष्ट प्रेक्षकासमोर चालूच असते : मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय घर, त्यातली आजारपणं, रुसवेफुगवे, बिलं.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. नरेंद्र जाधवांचं ‘आमचा बाप आन् आम्ही’ १९९३ मध्ये आलं. मुंबईच्या गोदीत राबलेला बाप आणि त्यानं हट्टानं शिकवलेली मुलं यांची ही गोष्ट. जात त्यात पानोपानी आहे, पण दारावरचं नाव बापाचं. हेच कथानक २००३ मध्ये इंग्रजीत ‘आउटकास्ट’ आणि २००५ मध्ये अमेरिकेत ‘अनटचेबल्स’ या नावानं गेलं. तिथल्या वाचकाला संदर्भ लागतो, हे मान्य. तरीही बाप नावातून गेला आणि जात आली. दुकानदार कुठल्या फळीवर ठेवणार, ते तिथेच ठरलं.

माणूस दिसतो की पाटी, या फरकामुळेच नंदी आणि मंक यांना एका तागडीत घालता येत नाही. मंकचा उपरोध स्वतःच्या माणसांच्या नावावर चालणाऱ्या व्यापारावर आहे आणि त्याची किंमत तो स्वतः मोजतो. नंदींच्या वाक्यात माणसं नव्हतीच, नुसते प्रवर्ग होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता असं मी मानतो. पण ज्यांच्यावर वाक्य पडलं, त्यांनी हेतूची चौकशी करून मग दुखवून घ्यावं, ही मागणी जरा जास्तच होते.

आपल्याकडे माणूस की पाटी या पेचाला सर्वांत जवळून भिडलेलं नाटक म्हणजे विजय तेंडुलकरांचं १९८३ चं ‘कन्यादान’. समाजवादी नाथ देवळालीकर मुलीवर हात उगारणाऱ्या दलित जावयाच्या आत्मचरित्राची भर सभेत स्तुती करतो, तेव्हा तो वाचक म्हणून बोलतो की बाप म्हणून? या नाटकासाठी तेंडुलकरांवर चप्पल फेकली गेली आणि याच नाटकाला सरस्वती सन्मानही मिळाला. दोन्ही बाजूंचं म्हणणं पुढच्या आठवड्यात सविस्तर पाहू.