मॅग्निट्यूड : मोठेपणा कशाचा?

इंग्रजी विज्ञानपुस्तकांत ‘मॅग्निट्यूड’ हा शब्द वारंवार भेटतो. मराठीत मात्र त्याला निरनिराळे शब्द आहेत : सदिश राशीचे ‘परिमाण’, तार्‍याची ‘प्रत’ आणि भूकंपाची ‘महत्ता’.

लॅटिन भाषेत ‘मॅग्नस’ म्हणजे मोठा आणि ‘मॅग्निट्यूडो’ म्हणजे मोठेपणा. ग्रीक ‘मेगास’ व संस्कृत ‘महत्’ ही ‘मॅग्नस’ची भावंडे होत. तेव्हा आपला ‘महत्ता’ हा शब्द मॅग्निट्यूडच्या नात्यातलाच आहे!

पूर्वेकडे ५ न्यूटन बल लावले, तर ‘५ न्यूटन’ हे त्या बलाचे परिमाण आणि ‘पूर्व’ ही दिशा. येथे अर्थ सरळ आहे.

तार्‍यांची गोष्ट वेगळी. दुसर्‍या शतकात टॉलेमीने ‘अल्माजेस्ट’ या ग्रंथात तार्‍यांचे सहा वर्ग दिले. ठळक तारे पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या. तेजस्वी तारा डोळ्यांना मोठा भासतो, म्हणून त्याने ‘आकार’ या अर्थाचा ग्रीक शब्द वापरला. प्रत्यक्षात मोजले जात होते ते तेज. पुढे मद्रास वेधशाळेत काम केलेल्या नॉर्मन पॉग्सन यांनी १८५६ मध्ये या प्रतींना गणिती रूप दिले. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट फरक. अर्थात एका प्रतीला सुमारे २.५१२ पट. मात्र अंक वाढला की तेज घटते, हा जुना क्रम कायम राहिला. म्हणून ध्रुवाची प्रत सुमारे २, तर त्याहून कितीतरी तेजस्वी अशा व्याधाची उणे १.४६!

१९३५ मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर यांनी भूकंपासाठी मोजपट्टी तयार केली. त्यांना खगोलशास्त्राची आवड होती. तेथूनच त्यांनी हा शब्द उचलला. येथे मात्र अंक वाढला की भूकंप मोठा. महत्ता एकाने वाढली, की नोंदलेल्या लहरींचा आयाम १० पट होतो आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट.

वर्तमानपत्रांत पुष्कळदा ‘६.२ तीव्रतेचा भूकंप’ असे छापतात. ते बरोबर नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपाची महत्ता ६.२ होती, आणि ती एकच. तीव्रता म्हणजे त्या त्या ठिकाणी जाणवलेला हादरा व झालेली हानी. ती किल्लारीत भीषण होती, दूरच्या गावांत सौम्य.

आता सांगा पाहू : ५.२ आणि ७.२ महत्तेच्या भूकंपांच्या ऊर्जेत किती पटींचा फरक असेल?

(उत्तर : सुमारे १,००० पट.)