आखाड्यातून भिंतीवर : मेक्सिकोचे मुखवटे
(लेखमाला : घराच्या भिंती बोलतात – भाग ७)

मागच्या भागात मेक्सिकोतल्या कातरकामाच्या कागदी पताका पाहिल्या. आज त्याच देशातल्या लुचा लिब्रे या मुखवटेधारी कुस्तीतून घरात आलेल्या सजावटीबद्दल.

साल्वादोर लुत्तेरोथ यांनी १९३३ साली मेक्सिको सिटीत कुस्तीची कंपनी काढली आणि या खेळाचा जम बसला. त्याच दशकात आंतोनियो मार्तिनेस या बूट शिवणाऱ्या कारागिराने मल्लांसाठी मुखवटे शिवायला घेतले. इथे मुखवटा ही मल्लाची अब्रू असते. तो पणाला लावून लढती होतात, आणि हरणाऱ्याला भर आखाड्यात तो उतरवून चेहरा दाखवावा लागतो. १९५२ साली ‘एल सान्तो’ने ‘ब्लॅक शॅडो’चा मुखवटा असाच उतरवला. चंदेरी मुखवट्याचा सान्तो पुढे पन्नासहून अधिक चित्रपटांत झळकला. १९८४ साली तो गेला, तेव्हा त्याला मुखवट्यासकट दफन केलं.

हे ठाऊक असलं की मुखवटा कसा लावायचा ते आपोआप कळतं. दहा मुखवटे दाटीवाटीने टांगण्यापेक्षा साध्या, फिक्या भिंतीवर एकच लावावा. नुसता खिळ्याला अडकवला तर तो चिंधीसारखा लोंबतो, म्हणून डोक्याच्या आकाराच्या साच्यावर चढवावा किंवा खोलगट काचपेटीत बसवावा. मागची नाडी ओढून बांधली की चेहऱ्याला आकार येतो. चकचकीत कापडाचा रंग थेट उन्हात उडतो, तेव्हा खिडकीसमोरची भिंत टाळावी.

दुसरी वस्तू म्हणजे लढतींची पोस्टरं. स्वस्त कागद, एकातून दुसऱ्यात विरघळणारे भडक रंग आणि ठसठशीत अक्षरांत मल्लांची नावं. अनेक जुन्या पोस्टरांवर चित्र नसतंच. सगळी गंमत अक्षरांची. मुख्य लढतीची नावं सर्वांत मोठी, त्यामुळे कोणाचा किती दबदबा होता हे दुरूनही कळतं. असं पोस्टर साध्या काळ्या चौकटीत, काचेमागे शोभतं.

मुलांच्या खोलीसाठी बाजारातले प्लास्टिकचे छोटे मल्ल आहेत. एकाच साच्यातून निघालेले, हातांनी रंगवलेले हे मल्ल दोऱ्यांच्या लाकडी रिंगणासह फळीवर मांडता येतात. मुलांनी ते उचलून खेळावं, हेच उत्तम.

बैठकीसाठी मात्र माझी पसंती छायाचित्रांना. लूर्देस ग्रोबेत (१९४०–२०२२) यांनी अनेक दशकं या मल्लांचा पाठपुरावा केला, त्यांच्या घरांतही गेल्या. त्यांच्या छायाचित्रांत मुखवटा न काढताच बाळाला बाटलीने दूध पाजणारी महिला मल्ल दिसते. या कष्टकरी माणसांचा संसार आणि त्यांचा खेळ एकाच चौकटीत दाखवणारं दुसरं काम मला माहीत नाही.

मेक्सिको सिटीने २०१८ साली लुचा लिब्रेला आपला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. म्हणून मुखवटा विकत घेताना तो कोणाचा, त्या मल्लाने कोणत्या लढती केल्या, हे आवर्जून विचारा. पाहुण्याने विचारलं तर तुम्हाला ते सांगता यायला हवं. ज्याची गोष्ट सांगता येत नाही, तो मुखवटा भिंतीवर लावू नका.