नाशिक परिसरातील कुहर-खनिजे व त्यांची ओळख

दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत (कुहरांत) लाव्हा थिजल्यानंतर तयार झालेल्या खनिजांना कुहर-खनिजे किंवा द्वितीयक खनिजे म्हणतात. महाराष्ट्रात त्यांना सरसकट ‘गारगोटी’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु गारगोटी (क्वॉर्ट्‌झ) हा त्यांपैकी केवळ एक प्रकार होय. नाशिक शहराभोवतालच्या खाणी, तसेच सिन्नर व इगतपुरी तालुक्यांचा भाग या खनिजांच्या सुंदर स्फटिकांसाठी प्रसिद्ध आहे. येथील नमुने जगातील अनेक संग्रहालयांत आहेत. साध्या साधनांनी ही खनिजे कशी ओळखावीत, त्या ओळखीची मर्यादा कोठे येते आणि नमुन्याची नोंद कशी ठेवावी, यांची माहिती हौशी संग्राहकाला उपयुक्त ठरते.

खडक व पोकळ्या : दक्षिण ट्रॅपचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून निर्माण झाले असून आज त्यांनी सुमारे ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापले आहे. लाव्ह्यात विरघळलेले वायू दाब कमी होताच बुडबुड्यांच्या रूपाने वर येऊ लागतात. लाव्हा थिजला की बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात. त्यामुळे प्रवाहाच्या माथ्याकडे पोकळ्या दाट असतात, मध्यभाग बहुधा घट्ट असतो, तर तळाशी कधीकधी उभ्या नळीसारख्या पोकळ्या दिसतात. विहिरी खणणारे कारागीर घट्ट थराला ‘काळा पाषाण’ आणि पोकळ्यांच्या थराला ‘मांजऱ्या’ म्हणतात. स्फटिकांचा शोध या दुसऱ्या थरात घ्यावयाचा असतो.

खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्यात सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम इ. घटक विरघळले व पोकळ्यांत पुन्हा स्फटिकरूपाने साचले. हे साचणे एका वेळचे नाही. पोकळीच्या भिंतीला लागून बहुधा हिरवे सेलॅडोनाइट किंवा इतर मृद्-खनिजांचे पातळ अस्तर असते. त्यावर कॅल्सेडोनी, क्वॉर्ट्‌झ वा ह्यूलँडाइट. त्यानंतर स्टिल्बाइट आणि शेवटी ॲपोफिलाइट व कॅल्साइट असा क्रम पुष्कळदा आढळतो, मात्र तो सर्वत्र सारखा नसतो. ॲपोफिलाइटाच्या किरणोत्सर्गी कालमापनावरून काही ठिकाणी ही क्रिया लाव्हा थंड झाल्यानंतर कोट्यवधी वर्षांनीही चालू होती, असे दिसून आले आहे. कोणते खनिज कोणावर वाढले आहे, ही साध्या डोळ्यांना दिसणारी गोष्ट म्हणूनच महत्त्वाचा पुरावा ठरते.

नवख्या संग्राहकाची येथे एक हमखास चूक होते. इगतपुरी भागातील काही बेसाल्ट थरांत फेल्स्पाराचे कित्येक सेंमी. लांबीचे चपटे, फिकट स्फटिक असतात. ते कुहर-खनिज नव्हेत. लाव्हा वाहण्यापूर्वीच ते त्यात तयार झालेले होते. असे स्फटिक चारी बाजूंनी खडकात घट्ट रुतलेले असतात, उलट कुहर-खनिज भिंतीवर उगवून पोकळीच्या मध्याकडे वाढलेले असते.

इतिहास : झिओलाइट हे नाव स्वीडिश खनिजवैज्ञानिक आक्सेल फ्रेड्रिक क्रूनस्टेट यांनी १७५६ मध्ये दिले. तापविले असता हे खनिज उकळल्यासारखे फुगते, म्हणून ‘उकळणे’ व ‘दगड’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ते बनविले आहे. महाराष्ट्रातील नमुने बोरघाटातील रेल्वेमार्गाच्या खोदकामात (१८५६–६३) मोठ्या प्रमाणावर मिळाले व यूरोपात गेले. आर्. एन्. सुखेश्वाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये पश्चिम भारतातील दक्षिण ट्रॅपच्या झिओलाइटांचे प्रादेशिक वितरण प्रसिद्ध केले. सिन्नर येथे २००१ मध्ये सुरू झालेले ‘गारगोटी’ हे खनिज-संग्रहालय या परिसरातील नमुने पाहण्याचे सोयीचे ठिकाण आहे. पुस्तकातील वर्णन वाचण्यापूर्वी नाव निश्चित झालेले नमुने निरखून पाहणे हा ओळख शिकण्याचा उत्तम मार्ग होय.

साधने व परीक्षा : दहापट मोठे दाखविणारे भिंग, पोलादी चाकू, तांब्याची तार, काचेचा तुकडा, झिलई नसलेली पांढरी फरशी, विरल हायड्रोक्लोरिक अम्लाची लहान बाटली, चुंबक आणि ०.१ ग्रॅ.पर्यंत वजन दाखविणारा काटा एवढी साधने पुरतात. प्रथम आकार, पाटन (ठराविक दिशांनी फुटण्याचा गुणधर्म) व चमक पाहावी. ओरखडा काढणे, अम्ल टाकणे वा तापविणे या परीक्षा नमुन्यावर न करता त्याच खनिजाच्या सुट्या कणावर कराव्यात.

कठिनता : मोस मापक्रमानुसार नखाची कठिनता सुमारे २.५, तांब्याची ३ आणि चाकू व काच यांची सुमारे ५.५ असते. कॅल्साइट (३), स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट (३.५–४) आणि ॲपोफिलाइट (४.५–५) यांवर चाकूने ओरखडा उठतो, क्वॉर्ट्‌झावर (७) उठत नाही, उलट क्वॉर्ट्‌झ काचेला ओरखडते. तंतुमय पुंजक्याची कठिनता पाहणे व्यर्थ असते, कारण तंतू मोडतात व खनिज मऊ असल्याचा भास होतो.

कस : येथील बहुतेक खनिजांचा कस (चूर्णाचा रंग) पांढराच असतो, म्हणून इतरत्र उपयोगी असलेली ही परीक्षा येथे फारशी उपयोगी पडत नाही. रंगाचेही तसेच आहे. एकच स्टिल्बाइट पांढरे, पिवळसर, गुलाबी वा विटकरी असू शकते.

अम्ल : विरल अम्लाच्या थेंबाने कॅल्साइट जोराने फसफसते, झिओलाइटे फसफसत नाहीत. मात्र झिओलाइटावर कॅल्साइटाचे पातळ पुट असल्यास फसवणूक होते, म्हणून थेंब ताज्या भंगावर टाकावा.

तापविणे : कोरड्या परीक्षानळीत लहान कण तापविल्यास झिओलाइटातील पाणी बाहेर पडून नळीच्या वरच्या थंड भागावर थेंब जमतात. क्वॉर्ट्‌झ व कॅल्साइट यांपासून असे थेंब मिळत नाहीत. ॲपोफिलाइट सजल असल्याने तेही पाणी देते. म्हणजे पाणी मिळाले एवढ्यावरून खनिज झिओलाइटच आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

विशिष्ट गुरुत्व : एकाच खनिजाचा स्वच्छ तुकडा प्रथम हवेत व नंतर दोऱ्याने पाण्यात टांगून तोलावा. हवेतील वजनाला वजनातील घटीने भागले की वि. गु. मिळते. उदा., हवेत २३.५ ग्रॅ. व पाण्यात १३.५ ग्रॅ. भरल्यास घट १० ग्रॅ. आणि वि. गु. २.३५ येते. हे मूल्य ॲपोफिलाइटाशी (२.३–२.४) जुळते; स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट हलकी (सु. २.१–२.२), तर क्वॉर्ट्‌झ (२.६५) व कॅल्साइट (२.७१) जड असतात. तुकड्याला खडक चिकटलेला असल्यास किंवा तंतूंमध्ये हवा अडकली असल्यास उत्तर चुकते.

प्रमुख खनिजे : ॲपोफिलाइट : हे पत्रित रचनेचे सिलिकेट असून झिओलाइटांसोबत आढळत असले, तरी ते झिओलाइट नव्हे. स्फटिक चतुष्कोणीय. काही घनासारखे, तर काही टोकदार असतात. आधारतलाला समांतर असे उत्कृष्ट पाटन व त्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक, बाजूंच्या पृष्ठांवर काचेसारखी चमक व उभ्या रेषा ही खूण निर्णायक आहे. टोकदार स्फटिक क्वॉर्ट्‌झासारखा वाटतो. पण क्वॉर्ट्‌झाचा छेद षट्कोणी व बाजूंवरील रेषा आडव्या असतात, ॲपोफिलाइटाचा छेद चौरस असतो. रंगहीन, पांढरे व हिरवे प्रकार आढळतात. हिरवा रंग व्हॅनेडियमाच्या अल्पांशामुळे येतो.

स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट : दोन्ही कॅल्शियमयुक्त झिओलाइटे, दोन्ही एकनताक्ष आणि दोहोंच्या एका पृष्ठावर मोत्यासारखी चमक असल्याने त्यांची गफलत होते. १८१८ पर्यंत वैज्ञानिकही त्यांना वेगळे मानीत नव्हते. स्टिल्बाइटाचे स्फटिक जुडीने वाढतात. मध्ये आवळलेल्या व टोकांना फुललेल्या गव्हाच्या पेंढीसारखा त्यांचा आकार असतो. ह्यूलँडाइटाचा स्फटिक याच्या उलट मध्ये रुंद व टोकांकडे निमुळता, शवपेटीसारखा दिसतो.

स्कोलेसाइट, मेसोलाइट व नॅट्रोलाइट : ही सुईसारखी, एका बिंदूतून पसरणारी झिओलाइटे होत. पहिल्यात कॅल्शियम, तिसऱ्यात सोडियम व दुसऱ्यात दोन्ही असतात. नाशिक परिसरातील स्कोलेसाइटाचे पांढरे, जाड सुयांचे झुबके विख्यात आहेत. ज्योतीत स्कोलेसाइटाची सुई कधीकधी अळीसारखी वळते. ‘अळी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच त्याला नाव मिळाले आहे. तथापि बारीक सुयांच्या बाबतीत या तिघांत केवळ डोळ्यांनी भेद करणे विश्वसनीय नाही. मॉर्डेनाइट हे झिओलाइट त्याहून बारीक, केसासारखे वा कापसासारखे असते.

पॉवेलाइट : कॅल्शियमाचे मॉलिब्डेट. नाशिकच्या पांडवलेणी टेकडीच्या परिसरातील खाणींमुळे हे दुर्मिळ खनिज या प्रदेशाच्या नावाशी जोडले गेले आहे. फिकट पिवळे ते मधासारखे, टोकदार चतुष्कोणीय स्फटिक ॲपोफिलाइट किंवा स्टिल्बाइट यांच्यासोबत आढळतात. वि. गु. ४.२ हून अधिक, म्हणजे सोबतच्या खनिजांच्या जवळजवळ दुप्पट. लघुतरंगी जंबुपार किरणांत ते पिवळसर अनुस्फुरण दाखविते. मात्र कॅल्साइटही पुष्कळदा अनुस्फुरण दाखवीत असल्याने ही खूण एकटी पुरेशी नाही. लघुतरंगी दिवा वापरताना संरक्षक चष्मा आवश्यक असतो.

इतर खनिजे : लॉमाँटाइट हवेत पाणी गमावून पांढरे पडते व त्याचा भुगा होतो. पुणे व मुंबई परिसरात आढळणारे ओकेनाइटाचे कापसाच्या गोळ्यांसारखे पुंजके आणि मुंबई परिसरातील हिरवे प्रेहनाइट (कठिनता ६–६.५) ही झिओलाइटे नव्हेत. पुण्याजवळील वाघोलीचे निळे कॅव्हनसाइट त्याच्या रंगावरून सहज लक्षात येते. परंतु त्याच रासायनिक संघटनाचे पेंटागोनाइट हे खनिजही तेथे आढळते.

ओळखीची मर्यादा : वरील परीक्षांनी बहुधा खनिजाचा गट व पुष्कळदा खनिज निश्चित होते. तंतुमय झिओलाइटे, सूक्ष्म कण व एकमेकांत मिसळलेली खनिजे यांच्यासाठी क्ष-किरण विवर्तन किंवा रासायनिक विश्लेषण लागते. अशा वेळी ‘स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट’ अशी नोंद करणे हे अज्ञान नसून अचूकपणा होय. बाजारात रंगविलेले ओकेनाइट तसेच खडकावर डिंकाने चिकटविलेले स्फटिक विकले जातात. रंग तंतूंच्या मुळाशी साचलेला दिसणे, स्फटिक व खडक यांमध्ये चकचकीत थर दिसणे व तो थर जंबुपार किरणांत उजळणे या फसवणुकीच्या खुणा आहेत.

दक्षता : बेसाल्ट हे गौण खनिज असून त्याच्या उत्खननाचे नियमन २०१३ च्या राज्य नियमांनुसार होते. खाणीत वा शेतातील विहिरीवर मालकाच्या परवानगीवाचून जाऊ नये. सुरुंगानंतर सैल झालेल्या कड्याखाली मुळीच थांबू नये. पांडवलेणी हे संरक्षित स्मारक आहे. तेथील खडकाला हात लावणे हा संग्रह नसून नासधूस होय. केसासारख्या खनिजांवर फुंकर घालू नये किंवा ती चोळू नयेत. एरिओनाइट या तंतुमय झिओलाइटाची धूळ कर्करोगकारक ठरली असून तुर्कस्तानातील कॅपाडोशिया भागातील काही गावांत तिच्यामुळे फुप्फुसावरणाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात आढळला. झिओलाइटे गरम पाण्यात वा अम्लात धुऊ नयेत. तंतुमय नमुने तर धुऊच नयेत.

नोंद : नमुन्याचे नाव चुकले, तर पुढे कोणीही ते दुरुस्त करू शकतो, त्याचे ठिकाण हरवले, तर ते पुन्हा मिळत नाही. व्यापारात नाशिक जिल्ह्यातील नमुने पुष्कळदा पुण्याच्या किंवा जळगावच्या नावाने फिरतात आणि त्यांचे वैज्ञानिक मूल्य तेथेच संपते. म्हणून नमुना हाती येताच त्यावर क्रमांक घालून खाण किंवा विहीर, गाव, तालुका, जिल्हा, जमिनीपासूनची खोली, दिनांक, सोबतची खनिजे, त्यांच्या वाढीचा क्रम आणि नमुना स्वतः गोळा केला की विकत घेतला, हे लिहून ठेवावे. नाव कोणत्या परीक्षांवरून दिले तेही लिहावे. औरंगाबाद व अहमदनगर या जिल्ह्यांची नावे अनुक्रमे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व २०२४ मध्ये अहिल्यानगर झाली आहेत. जुन्या चिठ्ठ्या मात्र फेकून न देता नव्या चिठ्ठीसोबत जपाव्यात.

खडीच्या खाणीतील स्फटिकांची पोकळी सुरुंगाने उघडते आणि तिच्यातील स्फटिक वेळीच काढले नाहीत, तर खडी फोडण्याच्या यंत्रात जातात. खाण बंद पडली की तिच्यात पाणी किंवा भराव साचतो व वाढत्या शहरात तिच्यावर इमारती उभ्या राहतात. विहीर बांधून काढली की तिच्यातील थर झाकले जातात. अशा जागी कोणत्या खोलीवर कोणती खनिजे होती, याचा पुरावा म्हणून पुष्कळदा संग्राहकाने जपलेला नमुना व त्यासोबतची चिठ्ठी एवढेच उरते.