फ्रिजचा सेन्सर आणि अम्मीचे इन्सुलिन

बकरी ईद होऊन दहा-बारा दिवस झाले होते. सकाळी उपाशीपोटी अम्मीची शुगर तपासली, तर आकडा २८० च्या पुढे. आदल्या दिवशीही तसाच होता. अशा वेळी बहुतेक घरांत जे होते तेच आमच्या घरात झाले. ईदची बिर्याणी, पाहुण्यांनी आणलेले मिठाईचे डबे, शेजारून आलेली खीर, या सगळ्याचा हिशेब आम्ही अम्मीकडे मागितला. ती म्हणाली, "अरे, मी खिरीला बोटसुद्धा लावलं नाही." आम्ही मान हलवली, पण मनातून तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

त्याच दुपारी फ्रिजमधली कोथिंबीर काढली, तर ती काचेसारखी कडक. काकडी आतून गोठलेली, दुधावर बर्फाचे पापुद्रे. तेव्हा आमचे लक्ष मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या इन्सुलिनच्या डबीकडे गेले आणि काळजात धस्स झाले.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचे असते. एकदा गोठले की त्याची ताकद जाते आणि पुन्हा वितळले तरी ती परत येत नाही. ते गोठून गेले होते हे बाटलीकडे पाहून कळेलच असेही नाही. आम्ही लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ते सगळे फेकून नवे आणायला सांगितले. शुगर का वाढली याचा अर्धा उलगडा तिथेच झाला. उरलेला अर्धा फ्रिजच्या आत होता.

आधी आमचीच चूक शोधली

ईदच्या दिवशी गोश्त लवकर गोठावे म्हणून आम्ही फ्रिज सर्वांत थंड आकड्यावर ठेवला होता. तो तसाच राहिला असेल असे वाटले. आकडा पुन्हा ४ अंशांवर आणला आणि पूर्ण एक दिवस थांबलो. भरलेल्या फ्रिजला नव्या तापमानावर यायला तेवढा वेळ लागतोच. फरक काहीच पडला नाही.

मग शाळेच्या प्रयोगशाळेतून उणे १० ते ११० अंशांचा थर्मामीटर आणला, लाल अल्कोहोलचा. खाण्याच्या वस्तूंजवळ पाऱ्याचा थर्मामीटर ठेवू नये. पाण्याच्या पेल्यात तो उभा करून पेला रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवला. दार उघडताच आतली हवा बदलते, पण पाण्याचे तापमान लगेच बदलत नाही, म्हणून पेला हवा. सकाळी पाहतो तर पाण्यावर बर्फाची साय आणि थर्मामीटर शून्यावर. बाहेरच्या पॅनेलवर मात्र ऐटीत ४ चा आकडा. आमच्या फ्रिजच्या पॅनेलवर दिसतो तो आकडा आपण मागितलेल्या तापमानाचा असतो, आत खरोखर असलेल्या तापमानाचा नव्हे, हे आम्हाला तेव्हा समजले.

शेजारी म्हणाले, "गॅस संपला असेल." पण गॅस कमी झाला तर फ्रिज थंड करणेच सोडतो, इथे तर थंडी जास्त होती. पहिल्या मिस्त्रीने मागचे झाकणही न उघडता सांगितले, "बोर्ड गेला. साडेपाच हजार." आम्ही त्याला चहा पाजला आणि विचार करून कळवतो म्हणालो.

साडेतीनशे रुपयांचा तुकडा

आमच्या हाताखालून दहावी झालेला एक विद्यार्थी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा कोर्स करून आता हेच काम करतो. त्याला बोलावले. आल्या आल्या त्याने एकच प्रश्न विचारला, "सर, रात्री कॉम्प्रेसर मध्ये मध्ये बंद होतो का?" आम्ही आठवून पाहिले. आठवडाभर घरघर थांबलीच नव्हती.

"म्हणजे फ्रिजला आत गरम आहे असंच वाटतंय," तो म्हणाला.

फ्रिजच्या आत एका छोट्या प्लॅस्टिकच्या टोपणाखाली हरभऱ्याएवढा सेन्सर असतो. त्याला थर्मिस्टर म्हणतात. थंडी वाढली की त्याचा विद्युत रोध वाढतो आणि उष्णता वाढली की रोध कमी होतो. हा रोध मोजून बोर्ड तापमान ओळखतो आणि कॉम्प्रेसर चालू किंवा बंद करतो. बोर्डाला स्वतःला काही जाणवत नाही, सेन्सर सांगेल तेच त्याच्यासाठी खरे.

फ्रीजरमधली थंड हवा खाली सोडणारी झडप उघडीच अडकली तरी खालचा कप्पा गोठतो. म्हणून त्याने आधी ती पाहिली. ती नीट हलत होती. मग त्याने प्लग काढला, सेन्सर सोडवला आणि मल्टिमीटर लावला. नव्या सेन्सरचा रोध खोलीत ४ किलोओहम भरला, आमच्या जुन्याचा ३.३. आम्ही म्हणालो, "फरक फारसा नाही, सेन्सर ठीक दिसतोय."

तो हसला. "सर, खोलीत नाही, थंडीत तपासायचं."

एका वाटीत बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घेतले. असे मिश्रण शून्य अंशावर राहते, हे आम्ही वर्गात दर वर्षी शिकवतो. दोन्ही सेन्सर पातळ पिशवीत गुंडाळून त्यात बुडवले आणि पाच-सात मिनिटे थांबलो. नवा १६ किलोओहमच्या पुढे गेला. जुना ९ च्या आसपास अडकला. एवढा रोध खरे तर बारा-तेरा अंशांना असायला हवा. म्हणजे आत बर्फ होत असतानाही आमचा सेन्सर बोर्डाला "बारा अंश आहेत" असे सांगत होता आणि बिचारा कॉम्प्रेसर रात्रंदिवस धावत होता.

कारण होते दमट हवा. सेन्सरच्या वेष्टणाला बारीक चीर पडून आत ओल शिरली होती. त्या ओलीतून थोडी वीज आडवाटेने जाते आणि एकूण रोध कमी भरतो. खोलीत ही चूक किरकोळ दिसते, पण थंडीत खरा रोध वाढतो तसतशी ती मोठी होत जाते. नवा सेन्सर साडेतीनशे रुपयांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पेल्यातले पाणी बरोबर ४ अंशांवर होते.

आपल्या घरी काय करावे

सेन्सर नेहमी याच बाजूला चुकतो असे नाही. त्याची तार तुटली तर रोध अमर्याद होतो आणि बोर्डाला वाटते की आत प्रचंड थंडी आहे. अशा वेळी काही फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. काही नवे फ्रिज ही चूक ओळखून पॅनेलवर खुणेचा कोड दाखवतात. तो माहितीपुस्तिकेत पाहावा. फ्रीजर थंड, पण खालचा कप्पा गरम आणि फ्रीजरच्या मागच्या भिंतीवर बर्फाचा थर असेल, तर बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेचा सेन्सर, हीटर किंवा फ्यूज तपासायला सांगावे.

मिस्त्रीला बोलावण्याआधी एवढे करून पाहावे. हवेच्या जाळीसमोर डबे खेटून ठेवले आहेत का? दाराच्या रबरात कागद धरून दार लावल्यावर तो सहज निसटतो का? पेल्यातल्या पाण्याचे तापमान ४-५ अंश आहे का? कुर्बानीचे गोश्त महिनाभर ठेवायचे असेल तर फ्रीजर उणे १८ अंशांवर आहे का? ही उत्तरे आणि कॉम्प्रेसर थांबतो की नाही हे मिस्त्रीला सांगावे. बोर्ड बदलण्याआधी "सेन्सर बर्फाच्या पाण्यात मोजून दाखवा" असे म्हणायला संकोच करू नये.

मागचे झाकण मात्र आपण उघडू नये, बोर्डावर घरातली पूर्ण वीज असते. शिवाय बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आर ६०० ए हा पेट घेणारा गॅस असतो. गॅसचे काम निघाले तर ते जाणकाराकडूनच करून घ्यावे, खिडक्या उघड्या ठेवून आणि शेगडी बंद करून.

इन्सुलिन आता आम्ही मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीपासून दूर, झाकणाच्या डब्यात ठेवतो. शेजारी छोटा थर्मामीटर कायमचा ठेवला आहे. रोज सकाळी दूध काढताना त्यावर नजर जाते.

नव्या इन्सुलिनने आठवडाभरात अम्मीची शुगर उतरली. त्या संध्याकाळी आम्ही तिच्याजवळ बसून माफी मागितली. ती तसबीह बाजूला ठेवून म्हणाली, "फ्रिजचं तुम्ही बर्फात घालून तपासलंत. मला निदान एकदा नीट विचारायचं तरी." आमच्याकडे उत्तर नव्हते. मग तिनेच विषय बदलला आणि विचारले, "त्या पोराला जेवायला थांबवलं होतं ना?"